पहिला वस्तरा

लोंढ्याच्या एका तरुण स्नेह्याने आजोबांच्या पेटीत सापडलेला वस्तरा आम्हांस दाखविला आणि विचारले, “हाच वापरात आणावा, की नवा घ्यावा?” प्रश्न साधा खरा, पण त्याचे उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखे नाही. शिवाय अलीकडे हौसेने वस्तरा घेऊ पाहणारे आणखीही काहीजण आम्हांस भेटले आहेत. तेव्हा या विषयाची थोडी विस्ताराने चर्चा करावी, असे आम्ही ठरविले.

आपल्याकडे वस्तरा जावळापासून क्षौरापर्यंत माणसाच्या सोबतीला असे. पण तो घरच्या फडताळात नव्हे, तर नाभिकाच्या धोकटीत. त्याला सामाजिक इतिहासही आहे. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिक बांधवांनी विधवांचे केशवपन करणार नाही, असा निर्धार केला. ज्याच्या हाती हत्यार, त्यानेच ते खाली ठेवावे, याहून परिणामकारक निषेध कोणता असू शकेल? पुढे १९०३ साली अमेरिकेत जिलेट यांची सुटी पाती विक्रीस आली, पहिल्या महायुद्धात ती लाखो सैनिकांच्या हाती पडली, आणि घरोघरीचा वस्तरा मागे पडला. नाभिकांच्या दुकानांतून तो आणखी बरीच वर्षे टिकला. मात्र रक्तावाटे पसरणाऱ्या रोगांची जाणीव वाढली, तसा तेथेही पाते मोडून अर्धे बसविण्याचा वस्तरा आला. हे योग्यच झाले. यकृताला ग्रासणाऱ्या हिपॅटायटिस ‘बी’चा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतो, एकाचा वस्तरा दुसऱ्याच्या गालावर फिरणे म्हणूनच धोक्याचे. आपला वस्तरा आपल्यापुरता ठेवावा, बापलेकांनीही एक वापरू नये, हा पहिला नियम.

आता खरेदी. वस्तरा म्हटला की जाणकारांच्या तोंडी जर्मनीतील सोलिंगेन आणि इंग्लंडमधील शेफील्ड ही नावे येतात. सोलिंगेनच्या नावाला तर १९३८ पासून कायद्याचेच संरक्षण आहे. परंतु नावापेक्षा पाते पाहावे. पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. नवशिक्याने ५/८ किंवा ६/८ इंची, गोल टोकाचा वस्तरा घ्यावा. चौकोनी, अणकुचीदार टोक दिसायला देखणे, पण कानाच्या पाळीला आणि नाकपुडीला ते प्रथम भेटते. शोभेसाठी विकले जाणारे चकचकीत, नक्षीदार वस्तरे अगदी स्वस्तात मिळतात. त्यांचे पोलाद बहुधा धार धरीत नाही. त्यांच्या वाटेस जाऊ नये.

जुना वस्तरा असेल तर तो उजेडात धरून भिंगातून पाहावा. पाठीवरचा तांबूस गंज घासून निघतो. पण धारेलगत काळे, खोल खड्डे असतील, तर तेथील पोलाद आतून पोखरलेले असते आणि धार लावताना ती तुटत जाते. केसासारखी चीर दिसली तर तो वस्तरा आठवण म्हणून ठेवावा, गालाला लावू नये. मूठ जुन्या सेल्युलॉइडची असल्यास विशेष दक्षता हवी. हा पदार्थ झिजू लागला की त्याच्या वाफेने शेजारचे पाते गंजते, शिवाय तो चटकन पेट घेतो. जुने पाते वापरण्यापूर्वी साबणाने नीट धुऊन सत्तर टक्के स्पिरिटमध्ये निदान दहा मिनिटे ठेवावे. आमच्या स्नेह्याच्या वस्तऱ्याची धार शाबूत होती. दोष होता तो फक्त पाठीवर.

नवा वस्तरा डबीतून काढला की लगेच दाढी करता येते, हा गैरसमज मात्र सोडून द्यावा. कारखान्याची धार बहुधा पुरी नसते. अशा वेळी अनेकांना दारावर चाक फिरवीत येणारा धारवाला आठवतो. विळी, कात्री त्याच्याकडे खुशाल द्यावी. वस्तरा कदापि नाही. त्या चाकावर पाते तापते आणि पोलादाला दिलेले पाणी उतरते. एकदा ते उतरले की परत चढत नाही.

वस्तऱ्याला धार लावायची ती सपाट, ओल्या दगडावर, हाताने. वस्तऱ्याची गंमत अशी, की कोन साधण्यासाठी वेगळी कसरत लागत नाही. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवली की कोन आपोआप बसतो. धार पुढे ठेवून, हात हलका ठेवून पाते सरकवावे. बोथट पात्याला १००० क्रमांकाचा दगड, मग ४००० आणि ८०००, शेवटी गुळगुळीतपणासाठी १२००० च्या आसपासचा. दगड मध्ये खोलगट झाला असेल तर काचेवर ओला पॉलिशपेपर ठेवून तो आधी सपाट करावा. पहिल्या खेपेस हे काम जाणत्या माणसाकडून करवून घेतलेले बरे, असे आमचे मत आहे. नव्या हाताने दगड आणि पाते दोन्ही बिघडतात.

त्यानंतर चामड्याचा पट्टा. तो मात्र दर दाढीपूर्वी स्वतःच वापरावा लागतो. येथे दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे. पट्टा ताणून धरावा आणि टोकाशी पाते उलटविताना ते पाठीवरून फिरवावे. धारेवरून फिरविले तर पट्टा कापला जातो. आधी कापडी बाजूवर वीसेक, मग चामड्यावर पन्नासेक फेऱ्या पुरतात. घाई करू नये.

प्रत्यक्ष दाढी गरम पाण्याने केस मऊ करून, भरपूर फेस लावून करावी. कातडी ताणून धरावी, पाते गालाशी सुमारे तीस अंशांत ठेवावे आणि केसांच्या कलाने ओढावे. पहिला आठवडा फक्त गाल. हनुवटी आणि गळा मागाहून. तुरटीचा खडा हाताशी असू द्यावा.

उरली गोष्ट ती लोंढ्याची. जंक्शनहून एक वाट कॅसलरॉकमार्गे गोव्याच्या घाटात उतरते, आणि त्याच घाटाचा पाऊस जूनपासून या गावाला झोडपतो. चार महिने कपडे वाळत नाहीत, तेथे कार्बनच्या पोलादाची काय कथा? दाढीनंतर पाते मऊ कापडाने पुसावे, मुठीच्या फटीतले पाणीही टिपावे, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब चोळावा. खोबरेल नको, ते थंडीत गोठते आणि कालांतराने खवट होते. वस्तरा न्हाणीघरात ठेवू नये, बंद चामडी म्यानातही नको. कोरड्या कपाटात, मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर तो ठेवावा आणि पावसाळ्यात, वापर असो वा नसो, दर आठवड्याला उघडून पाहावा.