वाचलेलं लक्षात ठेवायचं असेल तर 'अँकी'

शिकण्यासाठी एकच ॲप सुचवायचं झालं, तर मी 'अँकी' सुचवेन. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर अशी कार्डं आपण बनवायची. उत्तर आठवलं तर ते कार्ड काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी समोर येतं. चुकलं तर लगेच. यामागे भक्कम पुरावा आहे. मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्येच विस्मरणाचा वेग मोजून मांडला होता. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात, ५ मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. पुन्हा वाचताना 'हे येतंय' असं वाटतं, तिथेच फसगत होते!

ही घोकंपट्टीच नाही का, असा आक्षेप येतो. न समजलेल्या वाक्याचं कार्ड केलं, तर तो खराच आहे. म्हणून आधी समजून घ्या, मग स्वतःच्या शब्दांत, एका कार्डावर एकच मुद्दा लिहा. इतरांचे तयार संच मला त्यामुळेच कमी उपयोगाचे वाटतात. पण जपानी लिपी किंवा औषधांची नावं शिकताना पाठांतर टळत नाही. संगणकावर आणि अँड्रॉइडवर अँकी मोफत आहे, आयफोनवर विकत घ्यावं लागतं.