सिकलसेल : ठणका एकाचा, सांभाळ दोघांचा

आदिलाबादच्या थंडीची तेलंगणात दरवर्षी बातमी होते. डिसेंबर-जानेवारीत येथील पारा 10 अंशांच्या खाली उतरतो. नेमका हाच काळ कापूस वेचणीचा. सकाळच्या गारठ्यात शेतात उतरलेल्या आणि दिवसभर वाकून वेचणी करणाऱ्या बाईला सिकलसेल असेल, तर थंडी आणि अतिश्रम ही आजार उसळण्याची दोन्ही कारणे तिच्या वाट्याला एकाच वेळी येतात. संध्याकाळी पाठ, मांड्या, बरगड्या ठणकू लागतात. अंगावर जखम नाही, अनेकदा तापही नाही. मग घरात हमखास एक प्रश्न उमटतो : ऐन कामाच्या दिवसांतच हिचे दुखणे कसे येते?

या प्रश्नाला शास्त्राचे सरळ उत्तर आहे आणि ते घरात सर्वांआधी नवऱ्याला ठाऊक असायला हवे. निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी गोल व लवचीक असतात. त्या साधारण 120 दिवस टिकतात. सिकलसेलमध्ये या पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि 10 ते 20 दिवसांतच नष्ट होतात. म्हणून रक्त कायम कमी राहते. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही, आणि तेथे असह्य कळ उठते. थंडी, शरीरातील पाणी कमी होणे, जंतुसंसर्ग, अतिश्रम ही तिची नेहमीची निमित्ते. म्हणजे दुखणे कामाच्या दिवसांत येते, कारण काम आणि ऋतू मिळून ते ओढवून आणतात. ती सोंग करत नसते.

दुखणे डोळ्यांना दिसत नसल्यामुळे या आजारात जोडीदाराचे पहिले काम साक्षीदाराचे असते. सासूबाई, जाऊ, शेतमालक यांच्यासमोर 'हिला खरोखर त्रास होतो, आज ती येणार नाही' हे वाक्य बायकोने स्वतः म्हणणे आणि नवऱ्याने म्हणणे यात आपल्या घरांमध्ये फार अंतर आहे. हे अंतर असू नये, हे खरे; पण ते मिटेपर्यंत नवऱ्याने गप्प राहणे हीसुद्धा एक बाजू घेणेच असते.

दुसरा प्रश्न दोषाचा. मूल आजारी निघाले की बोट आईकडे जाते, 'तिच्या माहेरचा रोग' असे म्हटले जाते. वस्तुस्थिती अशी की, सिकलसेलचा आजार होण्यासाठी सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडूनही यावे लागते. एकाकडूनच आले तर मूल केवळ वाहक होते. वाहकाला सहसा कोणताही त्रास नसतो आणि त्यामुळेच आपण वाहक आहोत हे त्याला कळतही नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत आजारी मूल होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची 25 टक्के असते. 'प्रत्येक' हा शब्द येथे महत्त्वाचा. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तिन्ही सुखरूप, असा हिशेब नसतो. एक जोडीदार आजारी आणि दुसरा पूर्ण निर्दोष असेल, तर सर्व मुले वाहक होतील, आजारी कोणीही नाही. आजारी व्यक्तीचा जोडीदार वाहक असेल, तर मात्र दर वेळी शक्यता निम्मी होते. त्यामुळे एकट्या बायकोची तपासणी म्हणजे अर्धीच माहिती.

आपल्या जिल्ह्यात तिला आणखी एक अडचण आहे. पैनगंगेपलीकडून, यवतमाळ, नांदेड, चंद्रपूरकडून सुना येतात. मुलीची तपासणी लग्नाआधी तिकडे झालेली असेल, तर अहवाल माहेरच्या पेटीत राहतो आणि मुलाची तपासणी झालेलीच नसते. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. आदिवासी भागांतील 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट असून तेलंगणा त्यात समाविष्ट आहे. प्राथमिक चाचणी बोटाच्या थेंबभर रक्तावर होते. ती सदोष आली तर पुढची चाचणी आजारी की वाहक हे निश्चित करते. दोघांचे अहवाल एकाच पिशवीत ठेवले तरी पुढील बरेच प्रश्न सुटतात. दोघेही वाहक असल्यास गर्भारपणाच्या अगदी सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगावे. गर्भाची तपासणी शक्य असते, पण ती वेळेत व्हावी लागते.

रोजच्या सांभाळाचे म्हणाल तर त्यात पराक्रम काहीच नाही, सातत्य मात्र आहे. उन्हाळ्यात पाण्याची बाटली शेतावर बरोबर जायला हवी, हिवाळ्यात आंघोळीचे पाणी तापवायला हवे. पुष्यात केसलापूरच्या नागोबा जत्रेला जाताना रात्रीचे पांघरूण कोणी घेतले, हे निघण्यापूर्वीच पाहावे. हायड्रॉक्सियुरियाची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती रोज घ्यायची असते, दुखेल तेव्हा नव्हे. ती चालू असताना ठरल्याप्रमाणे रक्त तपासावे लागते, आणि मूल हवे असेल तर स्त्री असो वा पुरुष, आधी डॉक्टरांशी बोलावे लागते. औषधाच्या पाकिटावरची सूचना अनेकदा तेलुगू किंवा इंग्रजीत असते. घरात ज्याला ती वाचता येते त्याने पाकिटावर मराठीत 'सकाळ', 'रात्र' लिहून ठेवावे. दोन मिनिटांचे काम आहे, पण तो माणूस बाहेरगावी असताना तेच उपयोगी पडते.

ही कामे कोण करते? केंद्राच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात 15 ते 59 वयोगटातील 41 टक्के स्त्रिया घरातील माणसांचा सांभाळ करताना दिसल्या आणि त्यांचा त्यात दिवसाला सरासरी 140 मिनिटे वेळ गेला. पुरुषांमध्ये हे प्रमाण 21.4 टक्के आणि 74 मिनिटे होते. नवरा आजारी पडला की बायको सारे सांभाळते. बायको आजारी पडली की ती पुष्कळदा 'बरी होईपर्यंत' माहेरी पाठवली जाते. सिकलसेलमध्ये 'बरी होईपर्यंत' याला अर्थ नाही, कारण हा आजार जन्मभराचा आहे.

आजारी नवऱ्याची अडचण वेगळी. तो दुखणे लपवतो आणि कामावर जातो. अंगदुखीवर दारू घेतली तर शरीरातले पाणी आणखी कमी होते. पुरुष रुग्णांत लिंगाला वेदनादायक ताठरपणा येऊन तो तासन्‌तास न उतरण्याचा प्रकारही घडतो. लाजेपायी ही गोष्ट बायकोपासूनही लपवली जाते. चार तासांहून अधिक तो टिकला तर ती तातडीची अवस्था आहे आणि रुग्णालय गाठायलाच हवे.

दिव्यांग हक्क कायदा, 2016 मधील 21 प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे. 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास राज्याच्या आसरा योजनेतील दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी अर्ज करता येतो. 2023 मध्ये ही रक्कम दरमहा 4,016 रुपये करण्यात आली. रुग्णाला रांगेत उभे राहणे जमत नसते, म्हणून कागदपत्रांचे काम जोडीदाराने अंगावर घेणे सोयीचे.

गर्भवती रुग्णाची प्रसूती घरी नको, मोठ्या रुग्णालयातच व्हावी. रिम्समध्ये नाव आधीच नोंदवलेले बरे. आणि 101 अंशांवर ताप, छातीत दुखून धाप लागणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, लहान मुलाचे पोट अचानक फुगून ते पांढरेफटक पडणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. रात्री गाडी कोणाची मिळेल, मुलांजवळ कोण थांबेल आणि अहवालांची पिशवी कुठे आहे, हे दोघांनाही आधीपासून माहीत असावे.