मुंबई दूरदर्शन : एका वाहिनीवरील विविधतेचे सामाजिक मोल

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. प्रारंभी वाहिनी एकच असल्याने शेतीविषयक ‘आमची माती, आमची माणसं’, साहित्यविषयक ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, प्रबोधनपर ‘ज्ञानदीप’ व रंजनपर ‘गजरा’ हे कार्यक्रम एकाच पडद्यावर येत. परिणामी घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती कुटुंबांपर्यंत मराठी साहित्यचर्चा आणि बोरिवलीच्या नोकरदारांपर्यंत पीकपाण्याची माहिती अनायासे पोहोचे. या व्यापक परिचयाचे मूळ पर्यायांच्या अभावात होते. १९९० नंतरच्या दशकात उपग्रह वाहिन्यांमुळे निवडीचे स्वातंत्र्य वाढले. मात्र प्रेक्षक आपापल्या आवडीनुसार विभागला गेला. २००० मध्ये ‘सह्याद्री’ हे नाव मिळालेल्या वाहिनीने वैविध्य जपले, तरी तो सामायिक प्रेक्षकवर्ग उरला नाही. म्हणूनच सार्वजनिक प्रसारणाचे मूल्यमापन करताना प्रेक्षकसंख्येबरोबरच, स्वतःहून न निवडलेल्या विषयांशी ते प्रेक्षकाची ओळख करून देते काय, हाही निकष असावा.