वर्च्युअल मशीनमधला डेटाबेस बाहेरून का उघडत नाही?

या भागात कमांड आहेत, आकडे आहेत, त्यामुळे लोकलमध्ये किंवा बसमध्ये उभ्याने ऐकलं असेल तर बरंच निसटलं असणार. म्हणून हे लेखी रूप.

एका श्रोत्याचा मेसेज आला होता. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, विंडोजचा डेस्कटॉप, त्यावर व्हर्च्युअलबॉक्स, त्यात उबुंटू आणि उबुंटूत मायएसक्यूएल. उबुंटूच्या आत डेटाबेस मस्त चालतो, विंडोजवरच्या वर्कबेंचमधून मात्र कनेक्ट होत नाही. तीन दिवस झगडल्यावर त्याने नेटवर सापडलेला उपाय केला: बाइंड ॲड्रेसच्या जागी चार शून्यं, रूट युजरला 'कुठूनही ये' अशी परवानगी, आणि फायरवॉल बंद. चाललं! पुढे त्याचा प्रश्न होता, "दादा, आता प्रोजेक्ट क्लाउडवर टाकायचाय. हेच सेटिंग तिकडे करू ना?"

नाही रे बाबा. हा अख्खा भाग त्या 'नाही'साठी आहे.

आधी चित्र डोळ्यासमोर आणू. तुमचा डेस्कटॉप म्हणजे होस्ट, आणि आतली वर्च्युअल मशीन म्हणजे गेस्ट. दोघं एकाच डब्यात असले तरी नेटवर्कच्या नजरेत ती दोन वेगळी कॉम्प्युटर आहेत. 'माझ्याच मशीनवर तर आहे, मग लोकलहोस्ट का चालत नाही?' हा प्रश्न इथेच सुटतो. लोकलहोस्ट, म्हणजे १२७.०.०.१, याचा अर्थ 'मी स्वतः'. विंडोजने तो पत्ता वापरला की विंडोज स्वतःकडेच बघतं, आणि उबुंटूने वापरला की उबुंटू स्वतःकडे. 'माझं घर' म्हटलं की बोलणाऱ्यागणिक घर बदलतं, तसंच.

आता होस्टवरून निघालेली विनंती डेटाबेसपर्यंत पोचायला चार ठिकाणं ओलांडते. पहिलं, दोन मशीनमधला रस्ता. दुसरं, गेस्टची फायरवॉल. तिसरं, मायएसक्यूएल नेमका कुठल्या पत्त्यावर कान देऊन बसलाय ते. आणि चौथं, मायएसक्यूएलची स्वतःची युजरची यादी. आपल्या पठ्ठ्याने केलं काय, तर कुठे अडलंय हे न बघता सगळी दारं सताड उघडली. कुठलं तरी एक बंद होतं, त्यामुळे काम झालं. पण नेमकं कुठलं बंद होतं, हे त्याला अजूनही माहीत नाही.

रस्त्यापासून सुरुवात करू, कारण गोंधळ सगळ्यात जास्त तिथेच.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवीन मशीन बनवली की नेटवर्कचा प्रकार आपोआप 'नॅट' असतो. यात गेस्टला साधारण १०.०.२.१५ असा पत्ता मिळतो. गेस्ट बाहेर जाऊ शकतो, म्हणजे इंटरनेट चालतं, अपडेट होतात, पण बाहेरून आत यायला वाट नाही. विंडोजवरून त्या १०.०.२.१५ ला कितीही हाका मारा, उत्तर येणार नाही. बरेच जण इथे डेटाबेसला दोष देत बसतात. त्या बिचाऱ्यापर्यंत निरोपच गेलेला नसतो.

मग वाट काढायची कशी? एक मार्ग पोर्ट फॉरवर्डिंगचा. मायएसक्यूएलचा नेहमीचा पोर्ट ३३०६. व्हर्च्युअलबॉक्सला सांगायचं, की होस्टच्या ३३०७ वर जे येईल ते गेस्टच्या ३३०६ वर पाठव. ३३०७ एवढ्यासाठी, की विंडोजवर आधीच एखादा मायएसक्यूएल असला तर ३३०६ त्याने अडवलेला असतो. या नियमात 'होस्ट आयपी' नावाचा एक रकाना असतो. सगळे तो रिकामा सोडतात. रिकामा म्हणजे होस्टच्या सगळ्या नेटवर्क कार्डांवर दार उघडं, म्हणजेच हॉस्टेलच्या वायफायवरचा कोणीही तुमच्या ३३०७ वर टकटक करू शकतो. तिथे १२७.०.०.१ लिहा. पाच सेकंदांचं काम आहे.

दुसरा मार्ग 'होस्ट-ओन्ली' नेटवर्क, आणि माझा कौल यालाच. मशीन बंद करून तिच्या सेटिंगमध्ये दुसरं नेटवर्क कार्ड चालू करायचं आणि त्याला होस्ट-ओन्ली प्रकार द्यायचा. पहिलं कार्ड नॅटवरच राहू दे, इंटरनेटसाठी. आता होस्ट आणि गेस्ट यांच्यात एक खासगी गल्ली तयार होते. तिच्यात होस्टचा पत्ता सहसा १९२.१६८.५६.१ असतो आणि गेस्टला १९२.१६८.५६.१०१ पासून पुढचा एखादा मिळतो. या गल्लीत बाहेरचं कोणी येत नाही.

तिसरा प्रकार 'ब्रिज्ड'. यात गेस्ट थेट तुमच्या राउटरकडून पत्ता घेतो, जणू घरात अजून एक लॅपटॉप आला. सोपं वाटतं म्हणून लोक हाच निवडतात. पण मग त्या वायफायवरच्या प्रत्येकाला तुमचा डेटाबेस दिसू शकतो, आणि कॉलेज किंवा ऑफिसच्या नेटवर्कवर कित्येकदा अनोळखी मशीनला पत्ताच मिळत नाही. डेटाबेस शिकण्यासाठी ब्रिज्डची गरज मला तरी दिसत नाही.

रस्ता झाला, आता कान. उबुंटूत टर्मिनल उघडा आणि 'एस एस' ही कमांड चालवा. आधी सुडो, मग एस एस, मग डॅश आणि त्याला जोडून टी, एल, एन, पी. कुठला प्रोग्रॅम कुठल्या पत्त्यावर आणि कुठल्या पोर्टवर ऐकतोय, त्याची यादी येते. त्यात ३३०६ ची ओळ शोधा. जवळच ३३०६० दिसला तर गोंधळू नका, तो मायएसक्यूएलचाच दुसऱ्या एका प्रोटोकॉलसाठीचा पोर्ट आहे, आपल्याला नको.

३३०६ च्या आधी १२७.०.०.१ दिसलं, की समजा डेटाबेस फक्त घरातल्यांचं ऐकतोय. उबुंटूच्या पॅकेजमध्ये मुळातच असं असतं, आणि मुद्दाम असतं. हे बदलायचं तर ईटीसी फोल्डरमधल्या मायएसक्यूएलच्या फोल्डरात, 'मायएसक्यूएलडी डॉट सीएनएफ' या फाइलमध्ये बाइंड ॲड्रेसची ओळ असते.

तिथे नेट म्हणतं, ०.०.०.० लिहा. याचा अर्थ 'माझ्याकडे जितकी नेटवर्क कार्डं आहेत त्या सगळ्यांवर ऐक'. होस्ट-ओन्लीच्या खासगी गल्लीत त्याने आज काही बिघडणार नाही. पण ती ओळ फाइलमध्ये राहते, फाइल प्रोजेक्टबरोबर क्लाउडवर जाते, आणि तिथल्या कार्डाला अख्ख्या जगाला दिसणारा पत्ता असतो. त्यापेक्षा नेमका पत्ता लिहा. मायएसक्यूएल ८.०.१३ पासून स्वल्पविराम देऊन एकापेक्षा जास्त पत्ते लिहिता येतात, म्हणजे १२७.०.०.१ आणि त्याच्यापुढे गल्लीतला पत्ता.

फक्त एक अट, तो पत्ता रोज बदलता कामा नये. आज १०१ आणि उद्या १०२ झाला, तर मायएसक्यूएल चालूच होणार नाही, कारण ज्या पत्त्यावर ऐकायला सांगितलंय तो मशीनकडे नसेल. म्हणून उबुंटूच्या नेटप्लॅन फाइलमध्ये दुसऱ्या कार्डाला कायमचा पत्ता द्या, समजा १९२.१६८.५६.१०. (नेटप्लॅनच्या फाइलमध्ये टॅब चालत नाही, स्पेसच द्यावी लागते. या एका गोष्टीने किती लोकांच्या संध्याकाळी खाल्ल्या असतील, देव जाणे.) मग मायएसक्यूएल रिस्टार्ट करा आणि एस एस परत चालवून बघा.

फायरवॉलचं थोडक्यात सांगतो. उबुंटूची यूएफडब्ल्यू नावाची फायरवॉल मुळात बंदच असते. तुम्ही चालू केली असेल तर ती परत बंद करू नका, १९२.१६८.५६.१ या एका पत्त्याला ३३०६ वर येऊ द्या. एका ओळीची कमांड आहे.

आता चौथं दार. मायएसक्यूएलमध्ये युजर म्हणजे नुसतं नाव नसतं. नाव आणि 'कुठून आला' ही जोडी मिळून एक युजर होतो. लोकलहोस्टवरचा 'राजा' आणि १९२.१६८.५६.१ वरून येणारा 'राजा' ही मायएसक्यूएलच्या लेखी दोन वेगळी माणसं, पासवर्डही वेगळा असू शकतो. म्हणून आत चाललेला युजर बाहेरून चालत नाही. आणि रूटच्या नादी लागूच नका. उबुंटूत मायएसक्यूएलचा रूट बहुधा पासवर्डवर चालतच नाही, तो सिस्टीमच्या रूटवरून ओळखला जातो. नवीन युजर बनवा, 'कुठून'च्या जागी होस्टचा पत्ता द्या, आणि फक्त तुमच्या प्रोजेक्टच्या डेटाबेसवर हक्क द्या. टक्क्याचं चिन्ह टाकलं की 'कुठूनही' असा अर्थ होतो, ते टाळा. पोर्ट फॉरवर्डिंग वापरत असाल तर मायएसक्यूएलला पाहुणा १०.०.२.२ वरून आलेला दिसतो, मग तो पत्ता द्या. आणि हो, जुन्या व्हिडिओंमध्ये ग्रँटच्या एकाच ओळीत युजरही बनतो आणि पासवर्डही दिला जातो. ते आवृत्ती ८ पासून बंद झालं. आधी क्रिएट युजर, मग ग्रँट.

हे सगळं करूनही अडलं, तर एरर वाचा. खरंच वाचा, स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकण्याआधी. २००३ नंबरचा एरर आणि कंसात १००६० असेल तर वेळ संपली, उत्तरच आलं नाही: रस्ता नाही किंवा फायरवॉल निरोप गिळतेय. कंसात १००६१ असेल तर मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाहीये, म्हणजे बाइंड ॲड्रेस बघा. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये याच ठिकाणी बऱ्याचदा २०१३ येतो, कनेक्शन मध्येच तुटल्याचा, कारण फोन व्हर्च्युअलबॉक्सने उचलला पण पुढे गेस्टने घेतला नाही. ११३० आला तर आनंद माना, कारण तो खुद्द मायएसक्यूएल बोलतोय: 'या पत्त्यावरून येणारा कोणी माझ्या यादीत नाही'. आणि १०४५ म्हणजे युजर किंवा पासवर्ड चुकला. बघा, चार दारं आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा. आपल्या श्रोत्याने मेसेजबरोबर जो जुना स्क्रीनशॉट पाठवला होता त्यात ११३० होता! म्हणजे रस्ता, फायरवॉल, कान सगळं ठीक झालं होतं. एक युजर बनवायचा राहिला होता, आणि त्यासाठी त्याने फायरवॉल पाडली.

डीबीव्हर वापरणाऱ्यांना 'पब्लिक की रिट्रीव्हल' चालत नाही असा एक एरर दिसतो. तो आवृत्ती ८ च्या पासवर्ड पद्धतीमुळे. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये त्याला परवानगी देता येते. खासगी गल्लीत ते ठीक, खऱ्या नेटवर्कवर मात्र एन्क्रिप्टेड कनेक्शनच वापरा.

पोस्टग्रेस वापरत असाल तर पोर्ट ५४३२, कानाची ओळ 'लिसन ॲड्रेसेस', आणि पाहुण्यांची यादी डेटाबेसच्या आत नसून 'पीजी एचबीए डॉट कॉन्फ' नावाच्या फाइलमध्ये. बाकी विचार तोच.

आता क्लाउडकडे. सगळी दारं उघडी टाकली तर काय होतं, याचा मोठा धडा जानेवारी २०१७ मध्ये मिळाला. मोंगोडीबीचे हजारो डेटाबेस इंटरनेटवर बिनपासवर्ड उघडे होते. कुणीतरी स्क्रिप्ट लावून ते एकेक करून रिकामे केले, आणि आत चिठ्ठी ठेवली: बिटकॉइन पाठवा, डेटा परत देतो. बऱ्याच ठिकाणी डेटाची कॉपी त्यांनी काढलीच नव्हती, म्हणजे पैसे भरूनही हाती काही नाही. त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या ३.६ आवृत्तीपासून मोंगोडीबी सगळीकडे मुळातच फक्त लोकलहोस्टवर ऐकू लागला. 'माझा छोटा प्रोजेक्ट कोण बघतंय' हा युक्तिवाद इथे चालत नाही, कारण शोधणारा माणूस नसतो. स्क्रिप्ट असते, आणि ती सगळे पत्ते ओळीने तपासते.

मग क्लाउडवरच्या डेटाबेसला घरून कसं जोडायचं? एसएसएच टनेलने. यात मायएसक्यूएलला हातही लावायचा नाही. बाइंड ॲड्रेस १२७.०.०.१ च, युजर लोकलहोस्टचाच, ३३०६ बाहेरच्यांना बंदच. तुम्ही एसएसएचने सर्व्हरमध्ये शिरता आणि सांगता, की माझ्या मशीनच्या ३३०७ वर जे येईल ते आत नेऊन तुझ्या १२७.०.०.१ च्या ३३०६ ला दे. कमांडमध्ये डॅश कॅपिटल एल, मग ३३०७, १२७.०.०.१ आणि ३३०६ मध्ये कोलन देऊन, आणि शेवटी सर्व्हरचं लॉगिन. मायएसक्यूएलला वाटतं घरातलंच कोणी बोलतंय, आणि बाहेरच्या रस्त्यावर सगळं एन्क्रिप्टेड जातं. वर्कबेंच आणि डीबीव्हर दोघांतही हा पर्याय आहे, कमांड न लिहिता. होस्ट मॅक किंवा लिनक्स असेल तर मायएसक्यूएलच्या कमांडमध्ये लोकलहोस्ट न लिहिता १२७.०.०.१ लिहा, नाहीतर तो पोर्टकडे न बघता आपल्याच मशीनवरची सॉकेट फाइल शोधतो.

आणि हे आजच, तुमच्या वर्च्युअल मशीनवर करून बघता येतं. उबुंटूत ओपनएसएसएच सर्व्हर टाका, होस्ट-ओन्लीच्या पत्त्यावर टनेल लावा. त्या श्रोत्यालाही मी हेच सांगितलं. त्याचं उत्तर आलंय: तिन्ही बदल मागे घेतले, टनेल चालू आहे, आणि वर्कबेंचमधून सगळी टेबलं दिसतायत. प्रोजेक्ट या आठवड्यात क्लाउडवर जाईल.

तुमच्याकडे यातला कुठला नंबर अडवतोय ते मेसेजमध्ये लिहा, पूर्ण एररसकट. पासवर्ड मात्र स्क्रीनशॉटमधून झाकून पाठवा रे, मागच्या वेळी तिघांनी तसाच पाठवला होता. भेटू पुढच्या भागात.