भाऊबीजेचीं बिस्किटें

दिवाळीच्या फराळांत बिस्किटांस स्थान असावें कीं नसावें, हा प्रश्न गेल्या वर्षीं आमच्या वाशीच्या घरीं उपस्थित झाला. वाचकांस तो क्षुल्लक वाटेल. परंतु आमच्याकडे त्याचा उलगडा होण्यास तीन पिढ्या जाव्या लागल्या, म्हणून ती हकीकत सांगण्याचें धाडस करतों.

आमच्या मातोश्री आज अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनीं उभ्या आयुष्यांत बेकरीचा पदार्थ तोंडांत घातलेला नव्हता. आमच्या स्वयंपाकघरांत दोन फळ्या आहेत. वरची घरच्या जिनसांची, खालची ‘बाहेरच्या’. पाव, खारी, बिस्किटें हीं सर्व खालच्या फळीवर. मुलांनीं तीं खावींत, यास मातोश्रींची हरकत नसे. मात्र तोच हात वरच्या डब्यांस लागतां कामा नये.

गेल्या वैशाखांत पुतण्याचें लग्न झालें. सून वसईची, मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांतील. मातोश्रींनीं तिला आशीर्वाद दिला, खणानारळानें तिची ओटी भरली. परंतु तिनें पुढें केलेला चहा ‘आतां नको’ म्हणून बाजूस राहूं लागला. कोणी कांहीं बोललें नाहीं. एकत्र कुटुंबांत पुष्कळ गोष्टी न बोलण्यावरच चालतात. मीहि बोललों नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

भाऊबीजेस आमच्याकडे वीस-पंचवीस मंडळी जमतात. आठ दिवस आधीं सूनबाईनें विचारलें, “काका, माहेरीं नाताळांत आम्ही क्रीमचीं जोडबिस्किटें करतों. भाऊबीजेला करूं का?” मी तत्काळ होकार दिला, आणि मग रात्रीं मला पुण्याचें पंचहौद मिशन आठवलें.

ऑक्टोबर 1890 मध्यें त्या मिशनांत व्याख्यानाच्या निमित्तानें पुण्यांतील प्रतिष्ठित मंडळी जमली होती. पुढें चहा व बिस्किटें आलीं. कोणीं घेतलीं, कोणीं नुसता मान राखला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पति गोपाळराव यांनीं या प्रसंगाचा गाजावाजा केला, ‘पुणेवैभव’ पत्रांत नांवें छापलीं गेलीं, आणि शहरांत ग्रामण्य माजलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. रानड्यांनीं 1892 सालीं तें घेतलें. त्याच 1892 सालीं कलकत्त्यांत एका लहानशा घरांत 295 रुपयांच्या भांडवलावर बिस्किटांचा एक धंदा सुरू झाला, तोच आजचा ब्रिटानिया. इकडे पार्ल्यास 1929 सालीं निघालेल्या कारखान्यानें पुढील दहा वर्षांत बिस्किटें भाजण्यास आरंभ केला. ज्या वस्तूपायीं प्रायश्चित्तें झालीं, ती दोन पिढ्यांत पोरांच्या दप्तरांत जाऊन बसली. यावरून दिसतें कीं, वाद कणकेचा वा साखरेचा नव्हताच. तो हाताचा होता.

आणि शब्द तरी किती परका? बिस्किट म्हणजे लॅटिन भाषेंत ‘दोनदां भाजलेलें’. त्यांतील ‘बिस्’ हा आपल्या ‘द्विः’ चा सख्खा भाऊ, आणि पुढील भागाचा धातु आपल्या ‘पच्’ धातूच्या कुळांतला, ज्यापासून ‘पक्व’ शब्द होतो. दोनदां भाजण्याची चाल मागें पडली, नांव मात्र टिकलें. दोन बिस्किटांमध्यें सारण घालण्याची कल्पना त्या मानानें अलीकडची. लंडनचें प्रसिद्ध बोर्बोन 1910 चें, तर न्यूयॉर्कचें ओरिओ 1912 चें.

आतां कृति. पाव किलो मैदा, दीडशें ग्रॅम लोणी, शंभर ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ. लोणी घरचें असल्यास पाणी निपटून घ्यावें. लोणी व साखर हलकी होईपर्यंत फेंसावी, मग मैदा घालून गोळा होईल इतकेंच मळावें. येथें पोळीची संवय सोडली पाहिजे. मैदा ओला करून मळला कीं त्याला चिकटी धरते. पोळीस ती हवी, बिस्किटास नको. लोणी पिठाच्या कणांस वेढून ती चिकटी धरूं देत नाहीं. करंजीच्या पिठांत आपल्या बायका मोहन घालतात तें ह्याच कारणास्तव. गोळा अर्धा तास थंड ठेवून अर्ध्या बोटाहून पातळ लाटावा, वाटीनें चकत्या पाडाव्यात, आणि 170 अंश सेल्सिअस उष्णतेच्या ओव्हनमध्यें बारा ते चौदा मिनिटें, कडा किंचित् बदामी होईपर्यंत भाजाव्यात. बाहेर काढतांना त्या मऊच लागतात. निवल्यावर कडक होतात. पन्नासेक चकत्या, म्हणजे पंचवीस जोड्या होतात.

सारणाच्या बाबतींत मी घोटाळा केला. सूनबाई लोणी व साखर म्हणत होती. मी पडलों मास्तर, शब्दाला धरून बसलों. ‘क्रीम म्हणजे साय,’ असें सांगून दुधाची साय घोटून भरावयास लावली. दुसऱ्या दिवशीं बिस्किटें पावसाळ्यांतल्या पापडासारखीं झालीं. सायींत पाणी पुष्कळ. तें बिस्किटांत शिरतें. दुकानच्या बिस्किटांतील क्रीम हें बहुधा साखर व घट्ट वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ यांचें असतें, त्यांत पाणी नसल्यासारखेंच, म्हणून बिस्किट महिनोन्महिने कुरकुरीत राहतें. सून मला एक शब्द बोलली नाहीं. तिनें पुन्हां घाणा घातला; पाऊणशें ग्रॅम लोण्यांत दीडशें ग्रॅम पिठीसाखर व वेलदोड्याची पूड फेंसली, चकत्या पुरत्या निवल्यावरच प्रत्येकींत चमचाभर भरलें, आणि डबा घट्ट लावून थंड जागीं ठेवला. खाडीवरची दमट हवा डब्यांत जाऊं देऊं नये, हें वाशीकरांनीं विशेष लक्षांत ठेवावें.

भाऊबीजेस ओवाळणी झाली, फराळाचीं ताटें मांडलीं. सुनेनें एक बशी मातोश्रींपुढें ठेवली व दोन पावलें मागें सरली. क्षणभर सर्वच जण आपापल्या ताटांत पाहूं लागले.

“हें काय?” मातोश्रींनीं विचारलें.

“बिस्किट, आजी. घरीं केलंय. मैदा, लोणी, साखर, वेलदोडा. अंडं नाही.”

“लोणी कुणी काढलं?”

“तुम्हींच, आजी. सोमवारचं.”

ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. मातोश्रींनीं बिस्किट उचललें, उलटसुलट करून पाहिलें, आणि लहान मूल उघडतें तसें दोन हातांनीं त्याचे दोन भाग केले. सारण एकाच बाजूस राहिलें. तो भाग त्यांनीं सुनेच्या हातावर ठेवला. कोरडा भाग दुधांत बुडवून स्वतः खाल्ला. बराच वेळ त्या कांहीं बोलल्या नाहींत.

“खुसखुशीत आहे,” शेवटीं त्या म्हणाल्या. “गोड जरा कमी घाल.”

ह्यापुढें घरांत मोठें परिवर्तन झालें असें नाहीं. बाजारची खारी अद्यापि खालच्याच फळीवर आहे, आणि ती तेथेंच राहील. परंतु दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहा घेऊन सूनबाई गेली तेव्हां मातोश्रींनीं पेला हातीं घेतला. मी स्वयंपाकघरांत गेलों तों बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर, चकलीच्या डब्याशेजारीं ठेवलेला होता. तो तेथें कोणीं ठेवला, हें मी विचारलें नाहीं.