वेदना, निद्रा आणि स्वप्न

इ. स. 1845 च्या एप्रिल महिन्यातील ही घटना आहे. बंगालमधील हुगळी येथील तुरुंगाच्या रुग्णालयात जेम्स एस्डेल नावाचा एक स्कॉटिश शल्यचिकित्सक एका कैद्यावर उपचार करीत होता. कैदी अंडवृद्धीच्या विकाराने पीडित होता आणि शस्त्रक्रियेनंतर वेदना असह्य होऊन तळमळत होता. भूल देण्याचे औषध त्या काळी सर्रास वापरात आलेले नव्हते. मेस्मर या जर्मन वैद्याच्या विद्येविषयी एस्डेलने केवळ वाचले होते, तिचा प्रयोग कधी पाहिलाही नव्हता. तरीही त्याने रुग्णाच्या शरीरावरून, स्पर्श न करता, हात फिरविण्यास सुरुवात केली. बऱ्याच वेळाने रुग्ण निद्रेसारख्या एका अवस्थेत गेला. त्या अवस्थेत त्याला टोचले, चटका दिला, तरी त्याच्या मुद्रेवर वेदनेचे चिन्ह उमटले नाही.

पुढील काही महिन्यांत एस्डेलने अशा अवस्थेतील रुग्णांवर सत्तरांहून अधिक शस्त्रक्रिया केल्याचा अहवाल दिला. त्यांत हत्तीरोगामुळे वाढलेल्या प्रचंड गाठी काढण्यासारख्या भयंकर शस्त्रक्रियाही होत्या. हात फिरविण्याचे कष्टाचे काम बहुतांशी रुग्णालयातील हिंदू व मुसलमान मदतनीस करीत असत. कीर्ती मात्र साहेबाच्या वाट्याला आली. 1846 मध्ये सरकारने चौकशी समिती नेमली आणि कलकत्त्यात या प्रयोगांसाठी स्वतंत्र रुग्णालयही उघडून दिले. परंतु त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे ईथरचा जाहीर प्रयोग यशस्वी झाला आणि 1847 मध्ये एडिंबरो येथे क्लोरोफॉर्म वापरात आले. काही मिनिटांत हमखास गुंगी आणणारे औषध मिळाल्यावर तासन्‌तास हात फिरवीत बसण्याचे कारण उरले नाही. ते योग्यच झाले. एस्डेलचे सर्व दावे आज जसेच्या तसे मान्य करता येणार नाहीत, आणि शरीरातून वाहणाऱ्या ज्या चुंबकीय द्रवाची कल्पना तो करीत होता तसा द्रव अस्तित्वातच नाही. तथापि त्याच्या रुग्णालयात उभा राहिलेला प्रश्न क्लोरोफॉर्मने सुटला नाही. शस्त्राने मांस कापले जात असताना वेदना नसते, हे कसे घडते?

वेदनेविषयीची रूढ समजूत सतराव्या शतकातील फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने एका चित्राच्या साहाय्याने मांडली होती. त्याच्या मृत्यूनंतर 1664 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात विस्तवाजवळ पाय नेणाऱ्या एका मुलाचे चित्र आहे. पायापासून मेंदूपर्यंत एक दोरी असावी तशी नाडी दाखविली आहे. खाली दोरी ओढली की वर घंटा वाजते. ही समजूत इतकी सोपी आहे की आजही बहुतेकांच्या मनात ती घर करून आहे. दुखापत जेवढी मोठी तेवढी वेदना मोठी, आणि दुखापत सापडली नाही तर वेदना खोटी, असे दोन निष्कर्ष तिच्यातून निघतात. दोन्ही चुकीचे आहेत आणि दुसऱ्याने तर असंख्य रुग्णांवर अन्याय केला आहे.

दुसऱ्या महायुद्धात, 1944 साली, इटलीतील अँझिओ येथील रणक्षेत्रावर हेन्री बीचर हा अमेरिकन भूलतज्ज्ञ जखमी सैनिकांची देखभाल करीत होता. गंभीर जखमा झालेल्या सुमारे दोनशे सैनिकांना त्याने विचारले, की वेदनाशामक औषध हवे आहे काय? त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश सैनिकांनी नको म्हणून सांगितले. ते शुद्धीवर होते, बधिर झालेले नव्हते. सुई टोचताना चुकली तर ते इतरांप्रमाणेच कुरकुरत. पुढे नागरी रुग्णालयातील रुग्णांशी तुलना केली असता, त्याहून लहान जखमा असलेल्या बहुसंख्य रुग्णांनी औषध मागितले. बीचरने याचा अर्थ असा लावला, की सैनिकाच्या दृष्टीने जखम म्हणजे रणभूमीवरून सुटका होती, तर नागरिकाच्या दृष्टीने शस्त्रक्रिया म्हणजे संकटाचा आरंभ होता. जखमेचा अर्थ बदलला की वेदनाही बदलते.

हे कोणत्या मार्गाने घडत असावे याची पहिली पटण्याजोगी उपपत्ती 1965 मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी मांडली. मज्जारज्जूमध्ये, जेथे शरीराकडून येणारे तंतू प्रवेश करतात तेथे, जणू एक दार असते. बारीक तंतूंतून येणारे दुखापतीचे संदेश ते उघडू पाहतात. स्पर्श व दाब यांचे संदेश आणणारे जाड तंतू ते लोटून घेतात. ठेच लागताच माणूस नकळत अंगठा चोळू लागतो, त्याचे कारण येथे सापडते. परंतु या उपपत्तीचा खरा नवेपणा असा, की मेंदूकडून खाली येणारे संदेशही या दारावर सत्ता चालवितात. भीती, अपेक्षा, लक्ष, पूर्वस्मृती ही सर्व त्या दाराशी येऊन पोहोचतात. उपपत्तीतील शरीररचनेचे काही तपशील पुढे दुरुस्त करावे लागले. मध्यवर्ती कल्पना मात्र टिकली.

मेलझॅकने आणखी एक काम केले. रुग्ण आपल्या वेदनेचे वर्णन ज्या शब्दांत करतात ते त्याने गोळा केले आणि 1975 मध्ये त्यांचे वीस गटांत वर्गीकरण करून एक प्रश्नावली तयार केली. मराठी वाचकाला या कामाचे महत्त्व निराळे सांगावे लागणार नाही. दाढ ठणकते, गळू ठसठसते, काटा सलतो, पोटात मुरडा येतो, कमरेत चमक भरते, पायाला रग लागते, भाजलेल्या जागी आग होते, पोटात कळ येते. यांतील कोणताही शब्द दुसऱ्याच्या जागी घालता येत नाही. ‘दुखते’ एवढेच ऐकून घेणारा वैद्य अर्धे निदान गमावतो. मराठीत अपमानही सलतो आणि वियोगही जिव्हारी लागतो. वेदनेचा शब्दकोश शरीर आणि मन यांची फारशी फारकत मानीत नाही.

वेदनेवर मनाचा परिणाम होतो असे म्हणताच एक धोका उद्भवतो. ‘हे सारे तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे सांगून रुग्णाला परत पाठविणे सोपे होते. 1978 मध्ये अमेरिकेत एक उद्बोधक प्रयोग झाला. अक्कलदाढ काढलेल्या काही रुग्णांना औषध म्हणून नुसतेच निरुपद्रवी द्रव्य टोचण्यात आले. त्यांपैकी अनेकांची वेदना कमी झाली. त्यानंतर अफूच्या गुणधर्माच्या द्रव्यांचा प्रभाव नष्ट करणारे नॅलॉक्सोन हे औषध देताच ती वेदना पुन्हा वाढली. याचा अर्थ असा, की केवळ विश्वासामुळे आलेला आराम हाही शरीरानेच निर्माण केलेल्या द्रव्यांचा परिणाम होता. तो भास नव्हता.

प्राचीन बौद्ध वाङ्मयात बाणाचा एक दृष्टांत आहे. अज्ञ माणसाला एक बाण लागतो आणि लगेच दुसरा बाणही लागतो. पहिला शरीराच्या वेदनेचा, दुसरा त्या वेदनेवरील शोक व संताप यांचा. साधकाला पहिला लागतो, दुसरा लागत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात 1979 पासून जॉन कबाट-झिन यांनी दीर्घकालीन वेदनेच्या रुग्णांना ध्यान व योगासने शिकविण्यास आरंभ केला, तो याच परंपरेच्या आधारे. शरीरातील संवेदनांकडे, त्यांना न टाळता आणि न घाबरता, पाहण्याचा हा अभ्यास आहे. जुन्या पाठदुखीवर त्याचा उपयोग होतो असे पुढील चाचण्यांत दिसले. तो उपयोग माफक आहे, चमत्कारिक नाही, हेही नोंदविले पाहिजे.

वेदनेचा खरा प्रांत मात्र रात्र होय. दिवसा कामाधामात, माणसांच्या सहवासात लक्ष विभागलेले असते. रात्री दिवा मालवल्यावर वेदना आणि रुग्ण एवढी दोघेच उरतात. दुखण्यामुळे झोप येत नाही हे सर्वांना ठाऊक आहे. झोप न झाल्यामुळे दुखणे वाढते, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही. निरोगी माणसालाही काही रात्री नीट झोपू दिले नाही तर त्याची वेदना सोसण्याची मर्यादा खाली येते. म्हणून जुन्या दुखण्याच्या रुग्णाला ‘झोप कशी लागते?’ हा प्रश्न औपचारिकता म्हणून नव्हे, तर उपचाराचा भाग म्हणून विचारावयास हवा. आणि झोपेबरोबर स्वप्नांचा विषय ओघानेच येतो.

स्वप्न आणि रोगनिवारण यांचा संबंध ग्रीक लोकांनी फार जवळचा मानला होता. एपिडॉरस येथील अस्क्लेपिओस या वैद्यदेवतेच्या मंदिरात रुग्ण स्नान व पूजाविधी करून रात्री एका खास दालनात झोपत. स्वप्नात देव येऊन उपचार करील किंवा उपाय सांगेल, अशी त्यांची श्रद्धा असे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील शिलालेखांत अशा रोगमुक्तीच्या कथा कोरलेल्या आहेत. त्यांत अतिशयोक्ती पुष्कळ आहे. परंतु गावापासून दूर, शांत स्थळी, विश्रांती, स्नान, आशा आणि आपल्यासारख्याच इतरांचा सहवास मिळाल्यावर काही रुग्णांना आराम वाटला असेल, तर त्यात नवल नाही.

भारतीय वैद्यकाची भूमिका अधिक सावध होती. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत: पाहिलेल्या गोष्टींचे, ऐकलेल्या गोष्टींचे, अनुभवलेल्या गोष्टींचे, इच्छिलेल्या गोष्टींचे, कल्पिलेल्या गोष्टींचे, भावी गोष्ट सुचविणारे आणि दोषांच्या प्रकोपामुळे पडणारे. यांपैकी पहिले पाच प्रकार वैद्याने निष्फळ समजावेत, असा तेथे आदेश आहे. म्हणजे बहुसंख्य स्वप्ने जागेपणीच्या जीवनातूनच उगवतात आणि त्यांवरून भाकिते करू नयेत, एवढे त्या काळीही ठरले होते. पंचांगांतून आणि चोपड्यांतून मिळणाऱ्या स्वप्नफलांच्या याद्यांना चरकाचा आधार फारच थोडा आहे.

1953 मध्ये शिकागो विद्यापीठात अ‍ॅसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी झोपेतील एका विशिष्ट अवस्थेचे वर्णन केले. तीत बंद पापण्यांखाली डोळे वेगाने हालतात आणि अशा वेळी जागे केलेला माणूस बहुधा स्वप्न सांगतो. सुमारे दर दीड तासाने ही अवस्था परत येते. निरोगी माणसांच्या स्वप्नांत शारीरिक वेदना क्वचितच आढळते. भाजलेल्या रुग्णांच्या स्वप्नांत ती अधिक वेळा शिरते. ज्यांना अशी स्वप्ने पडतात त्यांची झोपही अधिक बिघडलेली असते. दुःस्वप्नाच्या भीतीने माणूस झोप टाळतो, जागरणाने वेदना वाढते, वेदनेने झोप पुन्हा मोडते. हे चक्र कोठे तरी तोडावे लागते.

त्यासाठी एक साधी रीत चाचण्यांतून उपयुक्त ठरली आहे. वारंवार पडणारे भीतिदायक स्वप्न रुग्णाने दिवसा, पूर्ण जागेपणी, आठवून लिहावे. मग ते आपल्याला हवे तसे बदलावे, शेवट निराळा करावा, आणि बदललेले स्वप्न रोज काही मिनिटे मनासमोर उभे करावे. युद्ध, अत्याचार अथवा अपघात यांच्या आघातानंतर पडणारी दुःस्वप्ने या सरावाने अनेकांच्या बाबतीत कमी झाली आहेत; मात्र असा आघात सोसलेल्या व्यक्तीने हे जाणत्या चिकित्सकाच्या सोबतीने करावे. ज्यांना केवळ आपल्या स्वप्नांची ओळख करून घ्यावयाची आहे त्यांनी उशाशी वही ठेवावी. जाग आल्यावर लगेच कूस बदलू नये. जे आठवते ते, तुटक असले तरी, उतरावे आणि त्याबरोबर उमटलेली भावनाही नोंदवावी. फ्रॉइडने 1900 साली स्वप्नात दडपलेल्या इच्छा शोधल्या, युंगने त्यात मानवजातीच्या आदिम प्रतिमा पाहिल्या. दोघांची मते आज निर्विवाद राहिलेली नाहीत. परंतु एखाद्या महिन्याच्या नोंदी वाचून पाहिल्यास, कोणती चिंता पुन्हा पुन्हा डोके वर काढते हे माणसाला स्वतःलाच कळते. छातीतील कळ, अचानक सुरू झालेली तीव्र डोकेदुखी किंवा अंगात कोठे तरी वाढणारी गाठ यांचे निदान मात्र वहीत सापडत नाही. तेथे विनाविलंब डॉक्टरकडे जावे.

वेदनेच्या समग्र विचाराला वैद्यकात प्रतिष्ठा मिळवून दिली ती सिसिली सॉण्डर्स यांनी. प्रथम परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर असा त्यांचा प्रवास होता. एका रुग्णेला त्यांनी तिच्या वेदनेविषयी विचारले, तेव्हा तिने सुरुवात पाठीपासून केली. परंतु बोलता बोलता नवऱ्याची व मुलाची बुडणारी मजुरी, आपल्याला कोणी समजून घेत नाही ही खंत, आणि येथे आल्यावर पुन्हा वाटू लागलेली सुरक्षितता असे सारे काही तिने सांगून टाकले. शरीर, मन, कुटुंब व श्रद्धा या सर्वांना व्यापणाऱ्या या दुःखाला सॉण्डर्स यांनी ‘संपूर्ण वेदना’ असे नाव दिले. 1967 मध्ये त्यांनी लंडन येथे स्थापन केलेल्या सेंट ख्रिस्तोफर शुश्रूषागृहात रुग्णाचे बोलणे ऐकून घेतले जाई, आणि त्याचबरोबर मॉर्फिनही नियमित वेळी, वेदना परतण्याची वाट न पाहता दिले जाई. समग्र दृष्टीच्या नावाखाली औषध नाकारणाऱ्यांनी ही दुसरी बाजू अवश्य ध्यानात घ्यावी.

भारतात तर ही दुसरी बाजूच अधिक दुबळी राहिली. औषधासाठी अफूची कायदेशीर लागवड मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या राज्यांत होते. परंतु अमली पदार्थांविषयीच्या 1985 च्या कायद्याने इतके परवाने आवश्यक केले, की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. मुंबईत 1986 साली शांती अवेदना आश्रम सुरू झाला. 1993 मध्ये कालिकत येथे डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांचे सहकारी यांनी वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात वेदनाशमनाचे एक लहानसे केंद्र उभारले. तेथून केरळभर शेजारी, शिक्षक, विद्यार्थी, दुकानदार अशा स्वयंसेवकांचे जाळे पसरले. ते घरोघरी जातात, जखम धुतात, घरात तांदूळ आहे की नाही हे पाहतात, रात्र कशी गेली ते विचारतात. त्यांच्यासोबत येणारी परिचारिका मॉर्फिनच्या गोळ्या मोजून देते. 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ही औषधे मिळण्याची वाट मोकळी झाली. तरीही केरळबाहेरील पुष्कळ जिल्ह्यांत कर्करोगाचा रुग्ण आजही त्या गोळीसाठी शहर गाठतो, आणि पोहोचेपर्यंतच्या रात्री जागून काढतो.