साठीच्या दशकातील पार्श्वसंगीत

१९६० साली हिचकॉक यांच्या 'सायको'साठी बर्नार्ड हरमन यांनी पितळी वाद्यांना आणि नगाऱ्यांना रजा देऊन केवळ तंतुवाद्यांचा ताफा हाती घेतला, आणि स्नानगृहातील ज्या प्रसंगाला संगीत मुळीच नको असे दिग्दर्शकाचे प्रथम मत होते, त्याच प्रसंगासाठी गजाचे ते कर्कश आघात लिहून त्याचे मन पालटविले, तेव्हापासून पार्श्वसंगीताच्या एका असामान्य दशकाचा आरंभ झाला, असे मानावयास हरकत नाही. १९६३ च्या 'द बर्ड्स'मध्ये तर रूढ अर्थाचे संगीतच गळाले, आणि पक्ष्यांचा कोलाहल ऑस्कर साला यांच्या ट्राउटोनियम या विद्युत्-वाद्यातून उमटला.

परंतु त्या दशकातील सर्वांत धाडसी निर्मिती, माझ्या मते, लंडनमधील मायदा व्हेल येथील बी.बी.सी.च्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये झाली. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी सायंकाळी, 'डॉक्टर हू' ही मालिका प्रथम प्रक्षेपित झाली. तिच्या शीर्षकसंगीताची धून रॉन ग्रेनर यांची खरी, पण तिला देह दिला तो केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत शिकलेल्या डेलिया डर्बीशायर यांनी. सिंथेसायझर हाताशी नव्हता. तेव्हा ताणलेली एक तार छेडून तिचा नाद फितीवर घ्यावा, फितीचा वेग कमीअधिक करून त्यातून इष्ट स्वर काढावेत, उपकरणांच्या चाचणीसाठी ठेवलेल्या ऑसिलेटरांचे सूर त्यांत मिळवावेत, प्रत्येक स्वराच्या कालमानाप्रमाणे फितीचा तुकडा मोजून कापावा, तुकड्याला तुकडा चिकटवावा, आणि अशा सिद्ध झालेल्या निरनिराळ्या फिती अखेर एकाच क्षणी सुरू करून एकजीव कराव्यात, असा तो व्याप डिक मिल्स यांच्या साहाय्याने त्यांनी पार पाडला. मुद्रित नादांतून रचना करण्याचे जे प्रयोग पिअर शेफर पॅरिसमध्ये १९४८ पासून करीत होते, आणि जे ऐकावयास मूठभर रसिकच जमत, त्यांचेच हे अपत्य आता घरोघरी मुलाबाळांनी निःशंकपणे आपलेसे केले.

सहसंगीतकार म्हणून डर्बीशायर यांची नोंद व्हावी, ही ग्रेनर यांची इच्छा मात्र फलद्रूप झाली नाही. वर्कशॉपमधील मंडळींची नावे जाहीर न करण्याचा शिरस्ता आड आला. २००१ साली त्या निवर्तल्या, आणि मालिकेच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव झळकले ते २०१३ च्या सुवर्णमहोत्सवी भागात. हा विलंब मला आजही अक्षम्य वाटतो.

नादांनाच संगीताचे रूप देण्याचे हे कार्य इटलीत संगीतकार एन्निओ मोरिकोने वेगळ्या वाटेने करीत होते. 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'मध्ये (१९६४) अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनी यांची शीळ, चाबकाचा फटकारा, घंटा आणि विद्युत्-गिटार यांना त्यांनी वाद्यवृंदाच्या पंक्तीत बसविले. चित्रपट पुरा झाल्यावर संगीतकाराला पाचारण करण्याची जुनी वहिवाटही पुढे मोडली: 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'चे (१९६८) प्रमुख संगीत चित्रीकरणापूर्वीच तयार होते, आणि दिग्दर्शक सर्जिओ लिओने ते प्रत्यक्ष चित्रीकरणस्थळी वाजवीत, जेणेकरून नटांची आणि कॅमेऱ्याची चाल त्या सुरांवरून ठरावी.